साखर पाण्यात धातूला खरंच धरते का: मोरचूद आणि चुन्याचा प्रयोग न चुकता कसा करायचा

सांगली, मिरज, तासगाव, इकडं कराडपर्यंत दोन प्रकारची माणसं हा प्रयोग करतायत आणि दोघांचंही एकाच ठिकाणी चुकतंय. एक म्हणजे बीएस्सी-एमएस्सीची पोरं, प्रोजेक्टला विषय घेतात "शर्करा आणि धातू आयन", कॅल्शियम क्लोराईडमध्ये ग्लुकोज टाकतात, कंडक्टिव्हिटी मीटरचा (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) आकडा खाली आला की लिहून मोकळे, बंध तयार झाला म्हणून. दुसरे आपले बागायतदार, व्हॉट्सअपवर आलेलं वाचून गुळाच्या पाण्यात झिंक सल्फेट ढवळतात आणि म्हणतात घरच्या घरी चिलेट (धातूला अनेक बाजूंनी धरून ठेवणारं संयुग) झालं. दोन्हीकडं एकच गोष्ट बघायची राहते, ती म्हणजे पाण्याचा पीएच (आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), आणि दुसरी गोष्ट केलेलीच नसते ती म्हणजे ब्लँक (तुलनेसाठी साखर न घातलेलं द्रावण). या दोन गोष्टी सांभाळल्या तर प्रयोग कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये नीट होतो, महागडं मशीन लागत नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

पाण्यात धातूचा आयन मोकळा कधीच नसतो, पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूनी धरून असतात आणि एक लिटर पाण्यात पाणीच ५५ मोल (रेणू मोजायचं माप) असतं. साखरेच्या ओएच गटाला (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) त्या पाण्याला बाजूला सारून जागा घ्यायची असते. एकट्या ओएचला हे जमत नाही, दोन-तीन ओएच योग्य कोनात शेजारी शेजारी आले तरच धातू थोडाफार अडकतो. सहा कोनी कड्यात ओळीने तीन ओएच, कडेचे दोन एकाच बाजूला उभे आणि मधला आडवा बाहेर, अशी रचना सगळ्यात चांगली. रायबोजला ती जमते, ग्लुकोजला नाही, म्हणून साध्या पाण्यात ग्लुकोज आणि कॅल्शियमचा बंध इतका कमजोर असतो की त्याचा स्थिरांक (बंध किती घट्ट ते सांगणारा आकडा) एकाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. ईडीटीए (धातू पकडणारं खरं चिलेट रसायन) आणि झिंकचा स्थिरांक १० चा साडेसोळावा घात आहे. आता गुळाच्या चिलेटचं काय ते तुम्हीच ठरवा.

आयनचा आकारही बघावा लागतो. कॅल्शियमची त्रिज्या साधारण १०० पिकोमीटर, या रचनेत बरोबर बसते. मॅग्नेशियम ७२ चा, छोटा पडतो, शिवाय पाण्याला लई घट्ट धरून बसतो.

पण पाणी अल्कधर्मी केलं की सगळं चित्र बदलतं. पीएच १२ च्या पुढं साखरेच्या ओएचमधला हायड्रोजन सुटायला लागतो, ग्लुकोजचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा हायड्रोजन सुटलेला असतो तो आकडा) साधारण १२.३ आणि साध्या साखरेचा १२.६ च्या आसपास आहे. तिथं ऋणभार येतो आणि मग साखर धातूला जोरात धरते. म्हणून "साखर धातूला धरते का" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या पीएचला ते विचारलं पाहिजे.

टप्पा १: सामान जमवणे (निम्म्या चुका इथंच होतात)

पाणी डिस्टिल्ड घ्या. बोअरचं नको, नळाचं नको, आरओचं पण नको. आपला भाग काळ्या खडकाचा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच भरपूर, मग तुम्ही टाकलेलं कुठलं आणि पाण्यातलं कुठलं हे कळायला मार्ग नाही. चुन्याच्या प्रयोगाला तर डिस्टिल्ड पाणीसुद्धा उकळून, झाकून, गार करून घ्यायचं कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड चुना खातो.

साखर दुकानातली पांढरी, बारीक दाण्याची चालेल, पण गूळ आणि काकवी नको. त्यात स्वतःचं पोटॅशियम, कॅल्शियम, सेंद्रिय आम्लं आणि रिड्युसिंग शुगर (ग्लुकोजसारखी, तांब्याचा निळा रंग घालवणारी साखर) असते, वर रंगामुळं काहीच दिसत नाही. जुना साखरेचा पाकपण वापरू नका, द्रावण त्याच दिवशी करा.

ग्लुकोज घेताना डबा वाचा. एनर्जी ड्रिंकसारख्या बहुतेक ग्लुकोज पावडरीत व्हिटॅमिन सी आणि कॅल्शियम घातलेलं असतं आणि व्हिटॅमिन सी तांब्याला स्वतःच रिड्यूस करतं, म्हणजे सगळा प्रयोग वाया. केमिकलच्या दुकानातून साधं डेक्स्ट्रोज आणा, आणि ते मोनोहायड्रेट आहे का निर्जल हे बघा. निर्जलचा रेणूभार १८०, मोनोहायड्रेटचा १९८, अर्धा मोलर (लिटरला अर्धा मोल) द्रावण १०० मिली करायला एकाचे ९ ग्रॅम लागतात तर दुसऱ्याचे ९.९. हे न बघता वजन करणारे दरवर्षी भेटतात.

याशिवाय ग्लिसरीन, सॉर्बिटॉल (ग्लुकोजपासून बनवलेला साखरेसारखा पदार्थ), सर्जिकल स्पिरिट, कॉस्टिक सोडा, फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक), सौम्य हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड. मोरचूद (कॉपर सल्फेट) लॅब ग्रेडचा घ्या. कृषी केंद्रातला बोर्डोसाठीचा (द्राक्षावर फवारायच्या मोरचूद-चुना मिश्रणासाठीचा) मोरचूद रंग बघण्यापुरता ठीक, आकड्यांसाठी नाही.

चुना हा सगळ्यात धोक्याचा. पानाचा चुना, रंगाचा चुना, उघड्या पोत्यातला चुना, यातला बराचसा हवेनं कार्बोनेट झालेला असतो.

*तपासणी:* चिमूटभर चुन्यावर सौम्य ॲसिडचे थेंब टाका. जोरात फसफसला तर तो टाकून द्या. नुसता विरघळला, एखाद-दुसरा बुडबुडा आला, तर चालेल.

*सावधान:* कॉस्टिक डोळ्यात गेला तर डोळा जातो, गॉगल घालूनच काम करा. मोरचूद विषारी आहे, घरातली भांडी वापरायची नाहीत आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक कधीच ओतायचा नाही, ते भांडं खातं आणि हायड्रोजन सुटतो.

टप्पा २: मोरचूदच्या टेस्ट ट्यूब, म्हणजे डोळ्यांनी बघायचा भाग

हा भाग आधी करा. तासाभरात होतो आणि पीएचचा मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

द्रावणं अशी करा: मोरचूद ०.१ मोलर म्हणजे २.५ ग्रॅम १०० मिलीत. कॉस्टिक १ मोलर म्हणजे ४ ग्रॅम १०० मिलीत. साखर, ग्लुकोज, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन ही चारही ०.५ मोलर: साखर १७.१ ग्रॅम, ग्लुकोज निर्जल ९ ग्रॅम, सॉर्बिटॉल ९.१ ग्रॅम, ग्लिसरीन ४.६ ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलीत.

आता १०० मिलीत म्हणजे काय, तर साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी घालायचं. १०० मिली पाणी मोजून त्यात साखर टाकायची नाही, १७ ग्रॅम साखरेनं द्रावण दहा मिलीनं फुगतं आणि सगळं पातळ होतं. ही चूक छोटी वाटते पण पुढं टप्पा ४ मध्ये पूर्ण निष्कर्ष उलटा करून टाकते.

१. सहा ट्यूब घ्या, नंबर घाला. प्रत्येकीत मोरचूदचं द्रावण २ मिली.

२. पहिलीत ४ मिली नुसतं पाणी, दुसरीत ४ मिली स्पिरिट, तिसरीत ग्लिसरीन, चौथीत सॉर्बिटॉल, पाचवीत साखर, सहावीत ग्लुकोज, सगळं ४-४ मिली.

३. इथं थांबा. सहाही ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरा आणि रंग लिहून ठेवा. फिकट निळा, सगळ्यात जवळजवळ सारखाच (स्पिरिटची ट्यूब थोडी गढूळ होऊ शकते). साखर आहे, तांबं आहे, पण डोळ्याला दिसेल असं काही झालेलं नाही. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग पीएचनं काय बदललं हे सांगायला त्यांच्याकडं पुरावाच उरत नाही.

४. आता प्रत्येकीत कॉस्टिक २ मिली, थेंब थेंब, हलवत हलवत.

पाण्याच्या आणि स्पिरिटच्या ट्यूबमध्ये निळसर जेलीसारखा साका येईल, ते कॉपर हायड्रॉक्साईड. बाकी चारमध्ये थोडा साका आला तरी हलवल्यावर विरघळून गडद निळं स्वच्छ द्रावण होईल. स्पिरिटमध्ये ओएच आहे पण एकटा आहे, ग्लिसरीनमध्ये तीन शेजारी आहेत, म्हणून स्पिरिट धरत नाही आणि ग्लिसरीन धरतं. यापेक्षा स्वच्छ पुरावा या सामानात मिळत नाही.

*क्रम उलटा करू नका.* काही जण आधी मोरचूद आणि कॉस्टिक मिसळून साका करतात, तो ठेवून देतात, चहा पिऊन येतात आणि मग साखर घालतात. साका जुना झाला किंवा गरम झाला की काळा पडतो, तो कॉपर ऑक्साईड, साखर त्याला सहजासहजी विरघळवत नाही. मग लिहितात, साखरेचा परिणाम नाही. साखर आधी, कॉस्टिक शेवटी.

*तपासणी, बंध होता का:* गडद निळ्या ट्यूबमधलं थोडं द्रावण वेगळं काढून त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब टाका. आम्लधर्मी झाल्यावर रंग परत फिकट निळा झाला म्हणजे साखरेनं तांबं सोडलं. धरणं आणि सोडणं दोन्ही दाखवता आलं तरच तो बंध, नाहीतर ती दुसरी कुठली तरी रिॲक्शन.

*गरम करण्याबद्दल:* ट्यूब गरम केली की ग्लुकोजची आधी पिवळी मग विटकरी लाल होते, गार ठेवली तरी काही तासांनी रंग बदलायला लागतो. ते कॉपरचं रिडक्शन आहे (ग्लुकोज तांब्याला इलेक्ट्रॉन देतं), बंधाचा पुरावा नाही. साखरेची ट्यूब मात्र थोडा वेळ गरम केली तरी निळीच राहिली पाहिजे. ती पण लाल झाली तर तुमची साखर जुन्या पाकातली आहे किंवा तिच्यात गूळ मिसळलाय. फेहलिंग टेस्टचा, म्हणजे याच रिडक्शनच्या चाचणीचा, लाल रंग दाखवून "साखर आणि कॉपरचा बंध" असं लिहिलेले रिपोर्ट बघितले की वाईट वाटतं, कारण पोरांनी मेहनत केलेली असते आणि पुरावा चुकीच्या गोष्टीचा जोडलेला असतो.

द्राक्षवाल्यांसाठी इथंच एक गोष्ट सांगतो. बोर्डोत, म्हणजे एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, यात तांबं न विरघळलेल्या स्वरूपात असतं म्हणून ते पानावर टिकतं आणि पान करपत नाही. चिकटपणासाठी त्यात गूळ ओतला तर चुन्याच्या पीएचला तोच गूळ तांब्याला विरघळवायला बघतो. लोखंडी विळा बुडवून तांबूस थर येतो का ही आपली जुनी तपासणी करत जा आणि बोर्डोत गूळ घालू नका.

टप्पा ३: चुना, म्हणजे आकडे काढायचा भाग

चुना साध्या पाण्यात अगदी थोडा विरघळतो, २५ अंशाला लिटरला साधारण १.६ ते १.७ ग्रॅम. साखरेच्या पाण्यात कित्येक पट जास्त. चुन्याच्या पाण्याचा पीएच मुळातच १२.४ च्या आसपास असतो म्हणजे वेगळा कॉस्टिक घालायची गरज नाही, साखर कॅल्शियमला धरते, धरलेलं कॅल्शियम बाजूला गेलं की आणखी चुना विरघळतो. आपण हा वाढलेला चुना मोजायचा.

१. पाच बाटल्या, घट्ट बुचाच्या, शक्यतो १०० मिलीच्याच. साखरेची द्रावणं ०, २.५, ५, ७.५ आणि १० ग्रॅम दर १०० मिलीला, उकळून गार केलेल्या पाण्यात.

२. प्रत्येकीत ५ ग्रॅम चुना. तळाला न विरघळलेला चुना शेवटपर्यंत दिसला पाहिजे, दहा ग्रॅम साखरेच्या बाटलीत तळ स्वच्छ झाला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

३. बाटली गळ्यापर्यंत भरा, वर हवा कमीत कमी. पहिले दोन-तीन तास अधूनमधून जोरात हलवा, मग रात्रभर ठेवा. सगळ्या बाटल्या एकाच जागी, एकाच तापमानाला. एक खिडकीत आणि एक कपाटात असं नको, कारण चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. आपल्याकडं मे महिन्यात खोली ४० अंशाला गेली तर साध्या पाण्यातला आकडा १.४ च्या आसपास येईल, घाबरू नका पण तापमान लिहा.

४. गाळणं पटापट, फनेलवर काचेची ताटली झाकून. पहिले चार-पाच मिली टाकून द्या. उघड्यावर तासभर गाळत बसलात तर वर पांढरी साय येते, तो कार्बोनेट, तेवढा चुना गेला.

५. टायट्रेशन (ब्युरेटनं ॲसिड थेंब थेंब घालून मोजणं) ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकनं, फिनॉल्फ्थॅलिन घालून, गुलाबी जाईपर्यंत. ॲसिड आधी निर्जल सोडियम कार्बोनेटवर स्टँडर्डाईज करून घ्या, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासा. नुसत्या पाण्याच्या बाटलीतलं २५ मिली घ्या पण साखरेच्या बाटल्यांतलं ५ मिलीच घ्या आणि वर २० मिली उकळून गार केलेलं पाणी घाला. सगळीकडं २५ मिली घेतलं तर ब्युरेट दोन-तीनदा भरत बसाल. ५ मिलीला सुद्धा ब्युरेट संपत आला तर २ मिली घ्या.

*हिशोब:* ब्लँकला ११ मिली लागलं असं धरू. ११ गुणिले ०.१ म्हणजे १.१ मिलिमोल ॲसिड, एका चुन्याला दोन ॲसिड लागतात म्हणून ०.५५ मिलिमोल चुना, भागिले २५ मिली म्हणजे ०.०२२ मोलर, गुणिले ७४.१ म्हणजे लिटरला १.६३ ग्रॅम. दोननं भागायचं विसरू नका, सगळे आकडे दुप्पट येतात आणि आलेख दिसायला तसाच छान दिसतो म्हणून चूक लक्षातच येत नाही.

*तपासणी, पुढं जायच्या आधी:* तुमचा ब्लँक २५ अंशाला १.५ ते १.७ मध्ये नाही आला तर बाकी बाटल्या मोजू नका. कमी आला तर चुना जुना किंवा नीट हलवला नाही, जास्त आला तर गाळलेल्यात चुन्याचे कण आलेत किंवा चुन्यात दुसरा अल्कली आहे. शंका असेल तर ईडीटीएनं कॅल्शियम वेगळं मोजा. साखर तिथं आडवी येत नाही, ईडीटीए कॅल्शियमला तिच्या हातातून सहज काढून घेतं.

*अजून एक बघा:* दहा टक्क्याच्या बाटलीतलं स्वच्छ गाळलेलं द्रावण ट्यूबमध्ये गरम करा. ते गढूळ होतं, जास्त चुना असलेलं कॅल्शियम सुक्रेट (साखर-कॅल्शियमचं संयुग) बाहेर पडतं, गार केलं की बऱ्यापैकी परत स्वच्छ होतं. गाळताना द्रावण कोमट असेल तर नेमका हाच माल फिल्टरवर अडकतो आणि आकडा कमी येतो.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या टप्प्यात रात्रभर ठेवायचेच नाहीत. अल्कलीत ते तुटतात, पिवळे-तपकिरी होतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती चुना खातात, म्हणजे चुना जास्त विरघळलेला दिसतो पण साखरेनं धरलेला नसतो. गुऱ्हाळात चुना जास्त पडला की गूळ काळा पडतो त्याच्यामागं हीच भानगड आहे. तुलना करायची तर सॉर्बिटॉल घ्या, तो तुटत नाही.

निष्कर्ष लिहिताना साखरेची मोलॅरिटी आडव्या अक्षावर, विरघळलेला चुना वजा ब्लँक उभ्या अक्षावर. वर चढणारा आलेख येईल. त्याच्या चढाला स्थिरांक म्हणू नका. द्रावणात एकाच प्रकारचं संयुग नसतं, एका साखरेला एक कॅल्शियम, दोन कॅल्शियम असे वेगवेगळे प्रकार असतात, साखरेबरोबर पीएच आणि आयनांचं प्रमाणही हलतं. "या तापमानाला, या पीएचला, साखरेमुळं चुन्याची विद्राव्यता इतकी पट वाढली" एवढं लिहा, ते पूर्ण खरं आहे.

टप्पा ४: साध्या, न्यूट्रल पाण्यात काय होतं

इथं कंडक्टिव्हिटी मीटर लागतो आणि इथंच सगळ्यात जास्त खोटे निष्कर्ष निघतात. ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराईडमध्ये, डायहायड्रेट असेल तर ०.१४७ ग्रॅम १०० मिलीत, ग्लुकोज टाकलं की कंडक्टिव्हिटी खाली येते. लगेच लिहितात की ग्लुकोजनं कॅल्शियम पकडलं. अहो, साखरेनं पाणी घट्ट झालं! घट्ट पाण्यात प्रत्येकच आयन हळू सरकतो, गर्दीच्या बाजारात कुणाचाही हात न धरता तुम्ही हळू चालता तसं.

म्हणून चार द्रावणं करा: कॅल्शियम क्लोराईड पाण्यात, तेच १ मोलर ग्लुकोजमध्ये, पोटॅशियम क्लोराईड ०.०२ मोलर, म्हणजे ०.१४९ ग्रॅम १०० मिलीत, पाण्यात, आणि तेच १ मोलर ग्लुकोजमध्ये. चारही १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत, चारही एकाच तापमानाला, कारण एका अंशाच्या फरकानं आकडा साधारण दोन टक्के हलतो. नुसत्या ग्लुकोजच्या द्रावणाचा आकडा पण घ्या आणि वजा करा.

पोटॅशियम साखरेला फारसं धरत नाही, तो आपला साक्षीदार. पोटॅशियमचा आकडा जितक्या टक्क्यांनी घसरला जवळपास तितकाच कॅल्शियमचा घसरला असेल तर ती घसरण घट्टपणाची आहे, बंधाची नाही. ग्लुकोजला बहुतेक असंच येईल आणि तोच तुमचा निकाल, "काही आलं नाही सर" असं म्हणत बसू नका.

कमजोर बंध म्हणजे बिनकामाचा असंही नाही. साखर कारखान्यांच्या आणि औषधांच्या लॅबमध्ये कॅल्शियम भरलेल्या रेझिनच्या (आयन धरणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांच्या) कॉलमवर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करतात, फ्रुक्टोज कॅल्शियमला जरा जास्त रेंगाळून धरतो म्हणून तो उशिरा बाहेर येतो. एका भेटीतला फरक छोटा, पण कॉलममध्ये अशा भेटी असंख्य होतात.

टप्पा ५: उरलेलं द्रावण टाकणे

तांब्याचं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, आपली गटारं शेवटी कृष्णेलाच मिळतात आणि विरघळलेलं तांबं माशांना थोडंसुद्धा सोसत नाही. नेहमीची सवय म्हणजे चुना टाकून साका करायचा, पण या प्रयोगात ती चालणार नाही, साखर आहे तोपर्यंत अल्कलीत तांबं विरघळलेलंच राहणार, आपण दिवसभर तेच तर बघितलं. आधी सौम्य सल्फ्युरिक घालून पीएच २-३ पर्यंत आणा, मग त्यात घासलेले लोखंडी खिळे किंवा स्टील वूल टाकून एक-दोन दिवस ठेवा. (भांड्यांचा स्टीलचा काथ्या नको, तो स्टेनलेस असतो.) लाल तांबं खिळ्यावर बसेल आणि निळा रंग जाईल. वरचं पाणी चुन्यानं न्यूट्रल करा, लोखंडाचा गाळ खाली बसू द्या, तांबं आणि गाळ दोन्ही लॅबच्या वेस्ट डब्यात.

चुन्याचं द्रावण सौम्य ॲसिडनं न्यूट्रल करून भरपूर पाण्याबरोबर सोडलं तरी चालतं. बाटल्या मात्र लगेच ॲसिडनं धुवा, दोन दिवस तशाच ठेवल्या तर आतून कार्बोनेटचा पांढरा थर बसतो आणि पुढच्या वेळचा ब्लँक तिथंच बिघडतो.